दादासाठी चौदा किलो

पुण्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या थोरल्या लेकीपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील, पण बोलायला अगदी सासूबाई. माझं वजन पाहिलं, बीपी दोनदा घेतलं आणि म्हणाल्या, "भावाला किडनी द्यायची आहे ना? मग चौऱ्याऐंशीवरून सत्तरवर या. बीपीही खाली आलं पाहिजे. आणि रात्रीची झोप घ्या, नाहीतर दोन्हीतलं काहीच होणार नाही. तीन महिन्यांनी भेटू." कमी खा म्हणाल्या असत्या तर समजू शकले असते. पण झोप घ्या, हे काय सांगणं झालं? झोप काय शिरूरच्या बाजारात मिळते, की निघाले पिशवी घेऊन?

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. वरवंडजवळच्या वस्तीवर राहतो. दोन वर्षं झाली, सोमवारी आणि गुरुवारी दौंडला जाऊन डायलिसिस करून घेतो. वहिनीला शुगर आहे, त्यामुळं तिची किडनी चालत नाही. मुलाच्या किडनीचं नाव काढलं की दादा ताटावरून उठतो. राहिले मी. माझा रक्तगट जुळला, बाकीचं सगळं जुळलं आणि गाडी अडली ती माझ्या पोटाच्या वळ्यांपाशी. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं खुर्चीत बसून, शिक्षकांच्या वाढदिवसांचे केक आणि दहावीच्या निकालाचे पेढे खाऊन जमवलेले ते चौदा किलो माझ्या भावाच्या वाटेत आडवे येऊन बसले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. म्हणजे जिथं कंबर होती असं आठवतं, तिथं. बिनसाखरेचा चहा. दुपारी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी, सातच्या आत. पहाटे मार्केट यार्डाच्या रस्त्यानं चालणं, संध्याकाळी घोडनदीच्या पुलाकडं. पहिल्या पंधरा दिवसांत दोन किलो उतरले आणि मी एवढी खूश झाले की नवऱ्याला काट्यासमोर उभं करून आकडा वाचायला लावला. तो कंपनीत शिफ्टला जातो. उशीला डोकं टेकलं की घोरतो, दिवस असो की रात्र. अशा माणसाशेजारी जागं पडून राहणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानंच भोगावं.

कारण वजन उतरायला लागलं तशी झोप पार उडाली. दहाला पडायचं, बाराला डोळा लागायचा आणि तीनच्या ठोक्याला टक्क जाग. जायफळ घातलेलं दूध पिऊन पाहिलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासून पाहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, विचार करू नका. हे म्हणजे पोहता येत नसलेल्याला बुडू नका म्हणण्यासारखं. तीन वाजता माणूस दुसरं काय करणार? मी हिशोब मांडायचे: आज मंगळवार, परवा दादाचं दौंड, अजून बारा किलो, अजून दहा आठवडे. हिशोब संपेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागायचे.

तीनला जाग का येते, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. माहेरी आमची गुलछडीची फुलशेती होती. फूल उमलायच्या आत तोडायचं आणि साडेचारला पुण्याचा टेम्पो गाठायचा, म्हणून आई तीनला उठायची. आई दादाला उठवायची आणि दादा मला. मी कसली उठते? तो हलवायचा, पांघरूण ओढायचा, शेवटी हाताला धरून बसवायचा. मी बसल्या बसल्या झोपायचे. वाफ्यात वाकून कळ्या तोडतानासुद्धा माझे डोळे मिटलेले असायचे. तेव्हा झोप पोत्यानं होती आणि झोपायला वेळ नव्हता. त्या वेळी मी देवाकडं एकच मागायचे की मोठेपणी मला सकाळी आठपर्यंत झोपू दे. आता शिरूरच्या फ्लॅटमध्ये गादी आहे, पंखा आहे, आठपर्यंत कुणी हात लावणार नाही. आणि मी अंधारात पडून त्या ओल्या वाफ्यांसाठी, आईच्या खोकल्यासाठी, दादाच्या गार हातासाठी झुरते. वासाचं तर विचारूच नका. खरं सांगायचं तर तीन वाजता मला झोप हवीच नसते. मला ती पहाट परत हवी असते.

दर रविवारी मी दादाकडं जायचे. न्हावरं, केडगाव करत एसटी चौफुल्याला पोचायची आणि तिथून जीपनं वरवंड. गेले की ताट तयार. पुरणपोळी, वर तुपाची धार. पुढच्या रविवारी मासवडी. त्याच्या पुढच्या रविवारी चुलीवरचं मटण आणि बाजरीची भाकरी, एक संपायच्या आत दुसरी. मी नको म्हटलं की दादा म्हणायचा, "बाय, माहेरवाशीण उपाशी गेली तर घराला पाप लागतं. खा." आणि निघताना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत असायचाच.

दादाला यातलं काही चालत नाही. मीठ मोजून, केळं बंद, आणि पाणी दिवसाला एक बाटली, ती पण सकाळीच भरून ठेवलेली. तो माझ्यासमोर बसायचा, सुजलेले पाय पुढं करून, आणि मी घास घेतला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मला वाटायचं, बिचाऱ्याला खाता येत नाही, मला खाताना बघून त्याची जीभ निवते. मग कसं नाही म्हणायचं? मी खायचे. दोन पोळ्यांच्या तीन व्हायच्या. आणि घरी नेलेला डबा मी स्वतःच फडताळात ठेवायचे, म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या. तीनला जाग आली, भूक लागली, की पावलं तिकडंच. लाडू खाताना ओट्यापाशी उभी राहून मी रडलेय. दादाच्या घरचा लाडू दादाच्या जिवावर उठलाय हे कळत असून मी दुसरा उचलायचे.

दोन महिने झाले तेव्हा काटा एक्क्याऐंशीवर होता. नंतर ब्याऐंशी. मी काटा उचलून गॅलरीत नेऊन ठेवला, जणू त्याचीच चूक.

एका बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. दादाची आठवण येत होती. फोन न करता मी सकाळची एसटी पकडली. वस्तीवर पोचले तेव्हा दोघं जेवायला बसले होते. वहिनीच्या ताटात पिठलं-भाकरी, दादाच्या ताटात त्याची अळणी भाजी. मला दारात बघून दादा असा दचकला, जणू चोरी करताना सापडला. "अगं, सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाला आणि वहिनीकडं वळला, "ऊठ, डाळ टाक शिजाया. तूप हाय न्हवं?"

मी म्हटलं, पिठलं चालेल. छान लागतं. तो ऐकेना. वहिनी अर्धं ताट टाकून उठली. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले तर ती डाळीचा डबा हातात धरून नुसतीच उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "मला आता हे जमत न्हाई. रागवू नका. तुमच्या दादांनी मला शपथ घातलीया."

"कसली शपथ?"

"तुमाला खाऊ घालायची. लाडवात तूप वाढीव टाक, पोळी जाड लाट, डबा भरून दे. तिचं वजन उतराया न्हाई पायजे म्हनत्यात. उतरलं की डाक्टर व्हय म्हनतील, आन् ती पोट फाडून घ्यायला उभी ऱ्हाईल." तिनं पदर तोंडाला लावला. "माझ्याच कुंकवाच्या उलट मी तुमाला वाढतीया, ताई. कुणाला सांगू?"

मला आधी काही कळेना. मग सगळे रविवार एकदम डोळ्यांसमोर आले. ते समाधान जिभेचं नव्हतंच. माझ्या पोटात पोळी जायची आणि माझी किडनी माझ्यापाशी राहायची, याचं ते होतं. असा राग आला मला, असा राग आला, की वहिनीच्या हातातला डबा घेऊन मी फळीवर आपटून ठेवला.

दादा गुलछडीच्या बांधावर जाऊन बसला होता. आता अर्धा एकरच राहिलीय. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"अडीच महिने मी अर्ध्या भाकरीवर काढतेय," मी म्हटलं. "रात्र रात्र जागी असते. आणि तू मला बोकडासारखं पोसतोयस?"

तो हसला. मग माझं तोंड बघून हसणं आवरलं. "बोलली व्हय ती," म्हणाला.

"तुला जगायचं नाही का?"

"जगायचंय की. मशीनवर जगतोयच." तो पायाच्या बोटानं माती उकरत राहिला. "आई गेली तवा तुझा हात माझ्या हातात दिला व्हता तिनं. द्यायला दिला व्हता, बाय. घ्यायला न्हाई. भाऊ बहिणीकडनं घेतो व्हय कुठं? तुला दोन पोरी हाईत. उद्या तुला काय झालं, तर मी कोणत्या तोंडानं जगू?"

"द्यायला म्हणे! भाऊबीजेला एकदा तरी माझ्या मनासारखी साडी घेतलीस का? सगळ्या मेल्या जांभळ्या."

"तुझी वहिनी घेती त्या," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं. मी त्याच्याशेजारी बांधावर बसले.

"दादा, मला झोप येत नाही रे. तीनला जाग येते ती येतेच."

 "मलाबी," तो म्हणाला.

"तीनलाच?"

"तीनलाच. उठून हितं येऊन बसतो. तोडनीच्या बायका येस्तोवर."

म्हणजे इतके दिवस मी शिरूरला छताकडं बघत होते, हा इथं बांधावर बसत होता आणि रविवारी भेटलो की एकमेकांना सांगत होतो, झोप मस्त लागते. मला त्याचा हात धरावासा वाटला. धरला. डायलिसिसच्या सुयांसाठी शिरा जोडून फिस्तुला केलेला तो हात दोरखंडासारखा फुगलाय, आत रक्त थरथरतं ते बोटांना कळतं.

"दादा," मी म्हटलं, "तोडणीला मी झोपेत असायचे. माझी टोपली कधी भरायची नाही. तू तुझ्या कळ्या माझ्या टोपलीत टाकायचास. आईनं ओरडू नये म्हणून. रोज. मला वाटतं तुला वाटायचं मला कळत नाही."

"तुला कळायचं?"

"कळायचं की. मी डोळे मिटून घ्यायचे. पण मी कधी नको म्हटलं का? माझ्या टोपलीवर कधी हात धरला का? मग तू आता तुझ्या टोपलीवर का धरतोस?"

 तो मान वळवून गुलछडीकडं बघत राहिला. खूप वेळ. मला वाटलं, झालं, हा हट्टी माणूस ऐकणार नाही आणि मी उरलेल्या आयुष्यात रोज तीनला उठून हेच भांडण एकटीनं भांडत बसणार. दोनच्या एसटीची वेळ होत आली तशी मी उठले.

दारात वहिनी लाडवांचा डबा घेऊन उभी होती. शपथ मोडली तरी सवय कशी मोडणार? आत पुरण शिजल्याचा वासही येत होता. ती म्हणाली, "दोन घास तरी खाऊन जावा." दादानं तिच्या हातातला डबा घेतला. मला वाटलं आता हा माझ्या पिशवीत कोंबणार. तो आत गेला आणि डबा फळीवर ठेवून रिकाम्या हातानं बाहेर आला.

"न्हाई," तो वहिनीला म्हणाला. "तिला तशीच जाऊ दे."

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि उंबऱ्यावर खाली बसली.

चौफुल्यापर्यंत त्यानं मला स्कूटीवरून सोडलं.  एसटी लागलेली होती. मी चढले, खिडकीपाशी बसले. तो खाली उभा होता, उन्हात डोळे बारीक करून. गाडी सुरू झाली तसा पुढं येऊन म्हणाला, "आन् रातच्याला काय खाऊ नगं. लय भूक लागली तर मला फोन लाव. जागाच असतो मी."

लग्नाला बावीस वर्षं झाली. माहेराहून मी उपाशी निघाले ती तेवढीच एकदा. केडगाव येईपर्यंत मी डोळे पुसत होते आणि पुन्हा भरत होते. शेजारी एक म्हातारी मावशी बसली होती. तिनं फडक्यातली चपाती सोडली, अर्धी तोडून माझ्यापुढं धरली. "घे गं लेकी," म्हणाली. "सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस वाटतं. माहेरी जेवायचं बी इचारलं न्हाई व्हय कुणी?"

"नको मावशी," मी म्हटलं. "भावानं पोटभर जेवू घातलंय."