समितीने हो म्हटलं तेव्हाचे पेढे

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कोणालाही सांगते. नागपुरात आमच्या वस्तीत संविधानाची प्रत घरोघरी असायची. कायदा माणसाला उभा करतो, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. म्हणून इथे, अमेरिकेत मॉरिसव्हिलमध्ये, लेकीचं वय एकविसाकडे सरकायला लागलं तेव्हा मी रडत बसले नाही. कायद्याकडे गेले.

आईबापाच्या वर्क व्हिसावर आलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्या व्हिसातून बाहेर पडतं. आमची ग्रीन कार्डाची रांग काही तोवर संपणार नव्हती. लेक इथे आली तेव्हा मांडीवर होती. अशा मुलांना इथेच राहू देणारं एक विधेयक आलं होतं. आम्ही दोघी वॉशिंग्टनला जाऊन आमच्या खासदाराच्या ऑफिसात बसलो. आम्हाला मत नाही, तरी मी ताठ बसले. तिथल्या कर्मचारी मुलीने आमचं पाठ केलेलं भाषण सगळं ऐकून घेतलं. खासदाराने पाठिंबा दिला, आणि पुढे समितीत विधेयक मंजूरही झालं.

मी पेढे केले. मिल्क पावडरचेच, पण केले. एप्रिलातल्या जयंतीला हॉलभर वाटले.

शेजारचे काका पेढा तोंडात ठेवूनच म्हणाले, "अगं, अजून मुलगी बघायला कोणी आलं नाही, आणि तू बारशाचे वाटतेस?"

"काका, समितीत बहुमत मिळालंय."

"आणि पुढची दोन सभागृहं? आणि नोव्हेंबर?"

"तुम्ही पेढा खा."

नोव्हेंबरात निवडणूक झाली. त्याआधी राज्याने मतदारसंघांचा नकाशा नव्याने आखला होता; त्यात आमचा खासदार पडला. सभागृहातलं बहुमत उलटलं, समितीचा अध्यक्ष बदलला. मला वाटलं, होऊ दे. साहेबाची बदली झाली तरी फाइल टेबलावरच राहते, नवा साहेब चार्ज घेतो. जानेवारीत नव्या खासदाराच्या ऑफिसात फोन केला.

"ते बिल आता कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही, मॅम. जुन्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, मुदत संपली, तिच्याबरोबर तेही संपलं. आता नव्याने मांडावं लागेल."

"पण समितीने मंजूर केलं होतं ना?"

"तेही संपलं."

लोकसभा विसर्जित झाली की तिथली विधेयकं बुडतात, हे बी.ए.च्या पेपरात लिहून मार्क मिळवलेली बाई मी. इथलं विचारायचं सुचलंच नाही.

लेक ओट्याशी उभी होती. "आई, इट्स ओके," म्हणाली. ओके काहीच नव्हतं. मार्चमध्ये तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली. स्टुडंट व्हिसाचं जमलं नाही. आता ती नागपुरात माझ्या भावाकडे आहे, आणि भाजीवाल्याशी बोलायलाही तिला मामी लागते.

परवा त्या ऑफिसातून फोन आला. विधेयक पुन्हा मांडलंय. मुलीला घेऊन याल का, तुमची गोष्ट ऐकून लोकांवर परिणाम होतो.

"ती इथे नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाची तरी मुलगी घ्या. एकविसाच्या आतली."

काकांच्या सुनेचा नंबर दिला. त्यांची नात अकरावीत आहे. संध्याकाळी सून घरी आली. "ताई, तिथे बोलायचं काय?"

मी तिला समोर बसवलं आणि आमचं सगळं भाषण तिच्याकडून पाठ करून घेतलं. माझ्या लेकीच्या नावाच्या जागी तिने तिच्या लेकीचं नाव घातलं. बरोबर बसलं.