मामांची पेटी आणि माझी खुडूक

लातूरकडच्या आमच्या छोट्या वाशीत कोंबडीला स्कूटीवर घालून गुरांच्या दवाखान्यात नेणारी पहिली बाई बहुतेक मीच असेन. भाजीच्या पिशवीत बसवून नेली, मान तेवढी बाहेर ठेवली होती. वाटेत शाळेतल्या पोरांचे आईबाप भेटत होते आणि मी प्रत्येकाला सांगत होते, "काही नाही, जरा बरं नाही तिला." मी चौथीला शिकवते. प्राण्यांच्या जीवनाचा धडा इतक्या वेळा शिकवलाय की पुस्तक उघडावं लागत नाही. कोंबडी मात्र त्या दिवसापर्यंत कधी उघड्या डोळ्यांनी बघितली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

लेक क्लाससाठी लातूरला गेली आणि घर एकदम खायला उठलं. माहेरी जाऊन रडगाणं गायले, तेव्हा आईनं समजूत घालायची म्हणून एक काळी गावरान कोंबडी पाय बांधून हातात दिली. परसात खुराडं केलं. कोंबडीनं महिनाभर गुणानं अंडी दिली. मग एक दिवस ती कोपऱ्यातल्या जुन्या टोपलीत जाऊन बसली ती उठेचना. पिसं फुलवलेली, डोळे तारवटलेले. दाणे टाकले तर ढुंकून बघेना आणि हात लावला की घशातून गुरगुरायची. पोटाखाली हात घातला तर चटका बसावा असं अंग तापलेलं. मी ठरवूनच टाकलं, ताप आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पिशवीतून काढलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मॅडम, हिला काय होतंय म्हणता?"

मी सगळी लक्षणं सांगितली.

"खुडूक झालीय ही."

"बरा होतो का हा रोग?"

बाजूला शेळी घेऊन बसलेला माणूस तोंडावर उपरणं धरून हसायला लागला. डॉक्टर बिचारे हसले नाहीत. म्हणाले, "रोग नाही हो. तिला अंड्यांवर बसायचंय. घरी न्या आणि अंडी द्या तिला."

अंडी द्या म्हणाले. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. येताना किराणा दुकानातून डझनभर पांढरीशुभ्र अंडी घेतली.

घरी तेव्हा माझे सासरे होते. त्यांना मी मामा म्हणते. ढोकीजवळच्या साखर कारखान्यात त्यांनी जन्मभर वायरमनचं काम केलं. सासूबाई गेल्या आणि त्या दिवाळीला मामा आमच्याकडं राहायला आले. माणूस अबोल. आमच्या दोघांत दिवसाकाठी चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन चहाची आणि एक लाईट गेल्याचं. नवरा तहसील कचेरीत कामाला. तो गेला की घरात मामा एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत, पाहुण्यांसारखे.

मी अंड्यांची पिशवी त्यांच्यापुढं धरली. "मामा, ही चालतील का कोंबडीला?"

त्यांनी चष्मा वर करून एक अंडं हातात घेतलं, उन्हाकडं धरलं. "चालत्याल की. अंडं ते अंडं."

मामा खेड्यातले म्हणून मी विश्वास ठेवला. ते सगळं आयुष्य कारखान्याच्या कॉलनीत राहिले होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कोंबडी बसली. मग मी काय केलं, तर गावभर सांगत सुटले. लेकीला रोज व्हिडिओ कॉलवर टोपली दाखवली. वर्गात फळ्यावर अंड्याचं चित्र काढलं आणि पिल्लू आत कसं वाढतं ते रंगीत खडूनं समजावून सांगितलं. पोरं रोज विचारायची, "मॅडम, निघाली का?" मी म्हणायची, धीर धरावा लागतो, निसर्गाला घाई चालत नाही. तीन आठवडे झाले. चौथाही संपत आला. परसात जायला कुणी तयार होईना इतका वास सुटला. शेवटी एका सकाळी शाळेला निघताना मी एक अंडं उचलून कानाशी धरलं, आत काही हलतंय का ऐकायला. ते फुटलं. साडी नवीन होती. केस धुवूनही दोन दिवस नवरा पलंगाच्या दुसऱ्या टोकाला झोपत होता.

वर्गात मी दुःखानं बातमी सांगितली. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, दुकानच्या अंड्यातून पिल्लू निघत नसतंय. कोंबडा लागतोय."

सगळ्या वर्गानं माना हलवल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणला, मॅडम शिकवताना मधी बोलायचं न्हाय."

घरी येऊन मी हे मामांना सांगितलं. 'अंडं ते अंडं' आठवून त्यांचे कान लाल झाले. संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलले. "हे बघ बाई, ऊब पायजे, वल पायजे अन् अंडं फिरवाया पायजे. ह्यात कोंबडी कशाला लागती? हे कोंबडीचं काम न्हाय, वायरमनचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी ते मेडिकलवाल्याकडून औषधांची थर्माकोलची मोठी पेटी घेऊन आले. तिला भोकं पाडली, बल्ब लावला, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा बसवला, ओलाव्याला पाण्याची वाटी ठेवली. पेटी ठराविक गरम झाली की बल्ब आपोआप बंद करणारं यंत्र कुठून तरी मिळवलं. आठवडाभर त्यांच्या खोलीत खाटखुट चालली होती आणि मधूनच शीळ ऐकू यायची. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण मामांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं. या वेळी अंडी मी आईकडून मागवली, कोंबडा असलेल्या घरातली. तिनं ती भुशात घालून एसटीनं पाठवली.

अंडी पेटीत ठेवली आणि दोघंही समाधानानं जेवून आडवे झालो. दुपारी उठून मामांनी झाकण उघडलं तर वाफ तोंडावर आली. बल्ब बंदच झाला नव्हता. मामांनी एक अंडं काढलं, हातांवर झेलत झेलत ताटलीत ठेवलं, फोडलं. आत पांढरं घट्ट झालेलं. मला वाटलं, आता हे पेटी उचलून उकिरड्यावर टाकतील.

"मीठ आण," ते म्हणाले.

मी मीठ आणलं. त्यांनी चार भाग केले, दोन मला दिले. तोंडात घातलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उकडलंय मात्र चांगलं." मग मला हसू आवरेना आणि मामांनाही. नवरा कचेरीतून आला तेव्हा आम्ही दोघं डोळे पुसत बसलो होतो. तो दारातच थबकला. त्याला वाटलं, कुणी तरी गेलं.

संक्रांतीच्या सुमाराला माझी काळी पुन्हा खुडूक झाली. मामांनी तोवर पेटी दुरुस्त केली होती. मी आईकडून पुन्हा अंडी आणली आणि वाटणी केली. अर्धी कोंबडीखाली, अर्धी पेटीत. मामांनी आपल्या अंड्यांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या. नवरा पंच. मामा दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायचे आणि मी परसातून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कोंबडीशी बोलायची. "काही म्हणा, आईची माया यंत्रात येत नाही."

आतून उत्तर यायचं, "माया नगं. पारा सदतीसवर पायजे."

मी शाळेतसुद्धा मातृत्वावर बोलायला लागले होते. खरं सांगायचं तर माझी स्वतःची लेक लातूरहून फोन करायची आणि म्हणायची, "आई, तू रोज रोज विचारू नको ना जेवलीस का." त्यामुळं माझी सगळी माया त्या टोपलीभोवती घोटाळत होती. कोंबडी उठून पाणी प्यायला गेली तरी मी टोपलीवर जुनी शाल टाकायची.

मग आमच्या गल्लीत लग्नाची वरात आली. डीजेची गाडी नेमकी आमच्या घरापुढं थांबली. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली आणि काळी टोपलीतून जी उडाली ती भिंतीवरून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. मी हातात ज्वारी घेऊन "ये गं, ये गं माझी बाय," करत पत्र्याखाली उभी. वरातीतली दोन पोरं मला बघून त्याच तालावर नाचायला लागली. काळी तासा-दोन तासांनी खाली आली, पण टोपलीकडं बघायला तयार नाही. धरून बसवलं तर मला टोचून उठली. इकडं अंडी गार पडत चाललेली.

मी ती पदरात घेतली आणि मामांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. इतके दिवस मायेवर भाषणं झोडली होती, आता काय बोलणार? मामा पेटीपाशीच होते. मला वाटलं, टोमणा येणार.

"आण हिकडं. लवकर आण, गार होत्याल," एवढंच म्हणाले. आपली अंडी त्यांनी कडेला सरकवली आणि माझ्या अंड्यांना मधोमध जागा करून दिली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी लाईट गेली. गल्लीतल्या तारेचं काम होतं, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. मी मुख्याध्यापकांना फोन करून कणकण आहे म्हणून सांगितलं. कुणाला आहे ते सांगितलं नाही. पाणी तापवून बाटल्यांत भरलं, बाटल्या पेटीत ठेवल्या, वरून गोधड्या घातल्या. मामा थर्मामीटर बघायचे आणि मी चुलीवर पाणी. अंगणात ऊन होतं पण वारा गार. मामा म्हणाले, "वैशाखात बसवली असती तर पेटी लागलीच नसती. पत्र्याखाली ठिवली असती तरी निघाली असती."

दुपारी बाटल्या बदलताना ते अचानक बोलायला लागले. कारखान्याच्या दिवसांचं, उसाचं गळीत सुरू झालं की घरी यायला कशी सवड नसायची त्याचं. "तुझी सासू डबा घिऊन गेटपातूर यायची. म्या बाहेर यायला येळ लावायचो, तर तिथंच बसून राहायची. कुरकुर न्हाय केली कधी." बाटलीचं झाकण आवळत म्हणाले, "आज असती तर लई हसली असती आपल्याला."

मी बाटलीला फडकं गुंडाळत राहिले. सासूबाई गेल्यापासून मामांच्या तोंडून त्यांचा विषय मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जेवायला आलेल्या नवऱ्यानं बघितलं तर बाप आणि बायको एका गोधडीच्या दोन टोकांना धरून, मध्ये कान लावून बसलेले. तो म्हणाला, "मला जेवायला मिळणार आहे का, का मीही आत बसू?"

अंडी वाचली. एका सकाळी चहा ठेवताना मामांची हाक आली, "बाई! आगं ये!" पेटीत एका अंड्याला चीर गेली होती आणि आतून चिवचिव चालली होती. दुपारपर्यंत एकामागून एक पिल्लं निघाली, ओली, काटकुळी. ती सुकून कापसासारखी व्हायला लागली तेव्हा आम्ही दोघं खाली बसून नुसते बघत होतो. फुल्या टरफलांवरच राहिल्या, त्यामुळं कुठलं कोंबडीचं आणि कुठलं पेटीचं ते कुणालाच सांगता येईना. पंचानं निकाल राखून ठेवला.

माझी अजून एक आशा होती. मी दोन पिल्लं ओंजळीत घेऊन परसात काळीपुढं सोडली. मनात आलं, आता माया ओढ घेईल. काळीनं मान तिरकी करून त्यांच्याकडं बघितलं, एकाच्या डोक्यावर टोच मारली आणि माती उकरायला निघून गेली. मी पिल्लं उचलून आत आणली आणि तेव्हापासून मातृत्वावर बोलणं बंद केलं.

पिल्लांनी आई निवडली ती मामांना. पेटीशी बसून ते अंडी फिरवताना "कुर्रर्र, कुर्रर्र" असा काहीसा आवाज काढायचे. अंड्यात असतानाच पिल्लांनी तो ऐकला असावा. मामा परसात निघाले की पायजम्यामागं सगळी रांग. मामा खाटेवर बसले की खाटेखाली मेळावा. मला मात्र ती ओळखच दाखवत नव्हती. चाळीस पोरांचा वर्ग माझ्या एका नजरेनं गप्प होतो, पण मी "चला, आत चला" म्हणलं की पिल्लं चारी दिशांना पळायची.

एकदा मामा परंड्याला नात्यातल्या लग्नाला गेले. जाताना मला सांगून गेले, ऊन उतरायच्या आत खुराड्यात घाल, घार फिरती. मी वेळेवर परसात गेले. हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. शेवटी मामांचं जुनं जाकीट अंगात घातलं, त्यांची टोपी घातली आणि वाकून "कुर्रर्र" करत परसाला दोन फेऱ्या मारल्या. पिल्लं लांबून बघत होती. भिंतीपलीकडून शेजारीणही बघत होती. वर आभाळात खरंच घार दिसायला लागली. मी घाबरून मामांना फोन लावला.

पलीकडं सनई चालली होती. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोन खुराड्यात ठिव. आवाज मोठा कर."

मी तसं केलं. क्षणभर नुसती सनई वाजली. मग परंड्याच्या मांडवातून, भर पाहुण्यांत, मामांचा आवाज आला, "कुर्रर्र... कुर्रर्र... या रं माझ्या सोन्यांनो, या..." पिल्लांनी माना वर केल्या आणि एकमेकांवर पडत खुराड्यात घुसली. फोनमधून कुणीतरी विचारत होतं, "काका, काय झालं हो? कुणाशी बोलताय?"

"घरी बोलतोय," मामा म्हणाले.

मी पटकन दार लावलं. फोन आतच राहिला.