पत्रावरची शेती

फौजेतून रिटायर होऊन आलो, तर लोक सीमेचे किस्से मागतात. सीमेचे माझ्याकडे तीन-चारच, तेही थंडीचे. शेतीचे मात्र वर्षागणिक साचत गेले. कारण चौदा वर्षं बोरी अरबजवळची आमची आठ एकर शेती मी डोंगरात बसून केली. पत्रानं!

त्या वर्षांत कापसानं साऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं. दर उन्हाळ्यात गावातलं एखादं वावर दुसऱ्याच्या नावावर व्हायचं. आमच्या नदीकाठच्या चार एकरांवर शेजारच्या शेषरावचा डोळा होता. मी ठरवलं होतं, माझी नोकरी आहे तोवर हे वावर जाणार नाही. पण सातबारा बाबांच्या नावावर, आणि बाबांना वाचता येत नाही. पत्र मी लिहायचं, वाचून दाखवायचं माझ्या बायकोनं, नंदानं, आणि अमलात आणायचं बाबांनी, अशी आमची व्यवस्था होती.

*

बाबा पत्राला हुकूम मानत. पहिल्या वर्षी मी लिहिलं, "मृग लागला की दुसऱ्या दिवशी पेरा." मृग लागला, पावसाचा पत्ता नाही. बाबांनी पेरलं. सारं बियाणं धुळीत गेलं. मी फोनवर चिडलो तर म्हणाले, "तूच लेहलं होतं ना? मंग?"

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. "पाणी पडलं की पेरा," असं लिहिलं. चांगलं पाणी पडलं, साऱ्या गावानं पेरलं, आणि बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिले. किती पडलं की, हे पत्रात नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मी लिहिलं, "टाचेनं उकरून पाहा. ओल वीतभर खाली गेली असेल तरच पेरा." आमच्या सुभेदारसाहेबांनी ते पत्र पाहिलं आणि म्हणाले, आपल्या गस्तीच्या ऑर्डरीसुद्धा इतक्या बारीक नसतात.

*

फोन म्हणजे बोरीच्या सलीमभाईंच्या गॅरेजातला. ट्रॅक्टरवर हातोडे पडत असताना सलीमभाई ओरडायचे, "फौजी, भाभी आयी है, जल्दी बोलो."

एकदा वेचणीच्या दिवसांत मी दहा मिनिटं सूचना दिल्या. बाया किती लावायच्या, ओला कापूस वेगळा ठेवायचा, गाडी कोणाची करायची. नंदा नुसती "हो, हो" करत होती. शेवटी म्हणाली, "झालं तुमचं? कापूस परवाच इकला. गाडीसंगं दोन दिवस रांगेत मीच बसली होती."

"मग आधी काहून नाई सांगितलं?"

"तुमी लय दुरून बोलून राह्यले होते. म्हटलं, बोलू द्या."

ऐकून सगळ्यांचं घ्यायचं आणि करायचं आपल्या मनाचं, हा कळंबच्या माहेरी तिचा लौकिकच होता, ते मला लग्नानंतर कळलं.

*

शेषरावची एक खोड होती. दर वर्षी वखर फिरवताना तो आमच्या धुऱ्यात थोडा शिरायचा. बोलायला गेलं की म्हणायचा, धुरा तर आहे तिथंच आहे.

एका सुट्टीत मी बूट घातले आणि नदीकाठचं वावर परेडच्या कदमांनी मोजलं. मागच्या सुट्टीत एकशे वीस भरले होते, या वेळी एकशे सतरा. शेषरावला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे सतराच.

शेषराव म्हणाला, "फौजी, तुहे पाय लांबले."

"फौजेत कदम तीस इंचांचा असते, शेषराव. माहाही, अन् जनरलचाही."

संध्याकाळपर्यंत धुऱ्यावरचे हद्दीचे गोटे मागे गेले. मी बाबांना म्हटलं, "आमच्या युनिटात असते ना, तर या गोट्यायले चुना मारून ठेवला असता. तिथं पडेल तो गोटा पांढरा करतात." बाबा हसले. भाकरी घेऊन आलेली नंदा ऐकत उभी होती.

*

मग ते वर्ष आलं. लागोपाठ दुसऱ्यांदा पऱ्हाटी बसली होती, कापूस हाती आलाच नव्हता. बाबांनी बैलजोडी विकल्याचं कळलं, आणि वरच्या चौकीवर बसून माझाच धीर सुटला. मी एका दमात लिहिलं, "बाबा, आता इथून जमत नाही. नदीकाठचं वावर शेषरावला देऊन टाका. कागदावर अंगठा द्या." खाली जाणाऱ्या तुकडीसोबत पत्र धाडलंही.

सकाळी उठलो ते पस्तावूनच. पण बर्फानं रस्ता बंद झाला होता आणि वर फोन नव्हता. बाबा हुकूम मोडणारे नव्हते. दीड महिना मला अन्न गोड लागलं नाही.

सुट्टी मिळाली तसा निघालो. बोरीला उतरून सलीमभाईंना विचारायचीही हिंमत झाली नाही. घरी न जाता ट्रंक घेऊन सरळ नदीकाठी गेलो.

लांबूनच दिसलं. वावराच्या चारी बाजूंचे सारे गोटे पांढरेशुभ्र, चुना मारलेले. आणि बाबा हातात डबा-कुंचला घेऊन शेवटच्या गोट्याशी बसलेले.

"आला का? तुह्या पत्रापरमानं केलं सारं," बाबा म्हणाले. "शेषराव कागद घेऊन आलता. त्याले म्हटलं, पोराचा हुकूम चुन्याचा आहे. पन बापू, चुन्यानं पीक कसं वाढते, हे काई मले समजलं नाई."

घरी आलो. नंदानं पाणी दिलं, चहा ठेवला. मी हळूच विचारलं, "माहं पत्र कुठं आहे?"

ती चुलीकडे पाहत म्हणाली, "तिकडं वर लय थंडी असते म्हनते. लेहताना हात कापत असन तुमचा. काई काई ओळी वाचताच येत नाईत."