काळ्या नागाच्या लहान पेशी

सुमेधने शनिवारच्या परिषदेतून आपलं नाव मागे घेतलं, तेव्हा मी समोर बसले होते. फोन अर्ध्या मिनिटात संपला. काम तीन वर्षांचं होतं.

फुलपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो माणसांचं रक्त तपासतो. सुटीच्या दिवशी नागांचं. वस्तीत पकडलेला नाग रानात सोडण्याआधी पशुवैद्य, वनखात्याच्या परवानगीने, त्याच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढतात. सुमेध तो थेंब काचेवर पसरायचा, तिथेच वाळवायचा आणि घरी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचा. काळ्या आणि गव्हाळ नागाच्या रक्तात फरक असतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. मी साहित्याची पदवीधर. तो मापं सांगायचा, मी वहीत उतरवायचे.

"आपल्या लाल पेशीत केंद्रक नसतं," एकदा तो म्हणाला. "सापाच्या प्रत्येक पेशीत असतं. मधोमध."

"म्हणजे आपण पोकळ?"

"तुझं माहीत नाही. मी आहे."

त्याची आई गेल्यापासून तो नायगावच्या टॉवरमध्ये एकटा राहतो. घरात दुसरी खुर्ची आली ती वहीच्या कामासाठी.

फरक सापडला होता. काळ्यांच्या पेशी लहान भरत होत्या. दर वेळी. त्याचं नाव पहिल्यांदाच कुठेतरी छापून येणार होतं.

मंगळवारी सांडोरहून हरिभाऊंचा फोन आला. त्यांच्या केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीत नाग शिरला होता. आम्ही पोचलो तर हरिभाऊ दारातच.

"या लॅबवाले! पेशंट आत बसलाय. उपाशीपोटी आलाय का, ते तुम्हीच विचारा."

नाग गव्हाळ निघाला. सांडोरात आजवर काळेच मिळाले होते. गव्हाळ सगळे नायगावच्या बांधकामांवरचे. पशुवैद्यांनी थेंब काढला. सुमेधने काच, सांडोरच्या आधीच्या सगळ्या काचांसारखी, पंपाजवळच्या कट्ट्यावर वाळत ठेवली.

घरी त्याने ती पाहिली. बराच वेळ मान वर केली नाही. या गव्हाळ नागाच्या पेशीही लहान होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पुन्हा सांडोरला गेला. आपलं बोट टोचलं, एक काच त्याच कट्ट्यावर वाळवली. मग नायगावला येऊन दुसरी, बांधकामाच्या ऑफिसातल्या पंख्याखाली. गव्हाळांच्या काचा तिथेच वाळायच्या. संध्याकाळी मला बोलावलं.

"बघ. दोन्ही माझंच रक्त."

सांडोरच्या काचेवरच्या पेशी आकसलेल्या होत्या. वाडीतल्या ओलाव्यात काच सावकाश वाळली होती. नागाच्या रंगाचा त्यात काही संबंध नव्हता.

"कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

त्याने फोन उचलला.

नंतर तो त्या दोन काचा पेटीत ठेवायला गेला. पेटीत दोनच कप्पे. काळा. गव्हाळ. तो काचा हातात धरून उभा राहिला. मी वही मिटली. तो तसाच उभा होता.