पिवळी पडलेली कुपी

दवाखान्यात सगळे तिला फौजदार मावशी म्हणत. हे नाव आपल्याला आवडत नाही, असे ती सांगे खरी. परंतु त्या नावाने हाक मारणाऱ्याकडेच ती आधी वळत असे. पेशाने ती दंतवैद्याची मदतनीस. खुर्चीजवळचे काम आता दोन तरुण मुलींकडे गेले होते. मागच्या चिंचोळ्या खोलीत अवजारे धुणे, वाळवणे, पाकिटांत बंद करणे आणि वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करणे, हे काम मात्र सत्तावीस वर्षे तिच्याकडेच होते. त्या खोलीला दोन दारे होती. एकातून मळलेली अवजारे आत येत, दुसऱ्यातून स्वच्छ अवजारे बाहेर जात. उलट दिशेने कोणी पाऊल टाकले, तर तो माणूस कितीही मोठा असो, त्याला परत फिरावे लागे.

त्याआधी ती बटणांच्या कारखान्यात सदोष बटणे वेचून काढत असे. संध्याकाळी मुकादम तीच बटणे गुपचूप पोत्यात परत मिसळतो, हे तिच्या लक्षात आले, त्या दिवशी तिने त्याच्याच टेबलावर अख्खे पोते ओतले आणि नोकरी सोडली. पुढे ती हा प्रसंग हसून सांगे. “वाकडं बटण फार तर शर्टावरून तुटतं,” ती म्हणे, “इथं माणसाचं तोंड आहे.”

वाफेच्या यंत्राची परीक्षा ती दर शुक्रवारी घेई. पाकिटांबरोबर एक जांभळी कुपी आत ठेवायची. त्या कुपीत उष्णतेला सहजी दाद न देणारे जंतू असतात. कुपी बाहेर काढून एक दिवस उबेच्या पेटीत ठेवायची. जंतू मेले असतील तर ती जांभळी राहते, जगले असतील तर पिवळी पडते. यंत्र रोज किती वेळा चालले ते आणि कुपीचा निकाल ती वहीत लिही आणि वहीच्या पानांवर आरंभीच स्वतःच्या हाताने आकडे घाली.

त्या शनिवारी कुपी पिवळी पडली.

तीन आठवड्यांपूर्वीच तिने वहीत नोंदवले होते, की यंत्राच्या झाकणाचे रबर कडक झाले आहे. आता तिने लाल शाईने ‘नापास’ लिहिले, कुपी त्याच पानावर चिकटवली, आठवड्याची सगळी पाकिटे कपाटात बंद केली आणि ती डॉक्टरांकडे गेली. शनिवारी दवाखाना केवळ नावे नोंदवण्यापुरता उघडा असे. परंतु सोमवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी व्हायची होती, आणि दवाखाना चालता दिसावा म्हणून त्या दिवशी बारा रुग्णांना बोलावलेले होते.

डॉक्टर पंचेचाळिशीचे होते. वडिलांचा दवाखाना चालवत असल्यामुळे अजून छोटे डॉक्टरच म्हणवले जात.

“पाकिटांवरची पट्टी काळी झालीय ना, मावशी? मग झालं की.”

“पट्टी बाहेरची गरमी सांगते, डॉक्टर. आतलं कुपी सांगते.”

“सोमवारी संध्याकाळी रबर बदलून घेतो. तपासणी तेवढी पार पडू दे.”

“आणि सकाळचे बारा जण?”

नोंदणीच्या टेबलामागून डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, मध्ये पडल्या. “अहो मावशी, सगळीकडे असंच चालतं. एक पान नव्यानं लिहायचं, बस्स.”

“पानांना आकडे आहेत, वहिनी.”

“मग वहीच नवी लिहिते! हाय काय अन् नाय काय.”

“तुम्ही बाबांच्या वेळच्या,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आता जरा व्यवहार बघायला नको का?”

“बाबांच्या वेळी तुम्ही कॉलेजात होता,” मावशी म्हणाली, “आणि चुकीच्या दारानं आत शिरलात म्हणून माझी बोलणी खाल्ली होतीत. तेव्हा बाबा हसले होते, माझ्या बाजूनं.”

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. तो निवृत्त बसमेकॅनिक, जिभेला हाड नसलेला. “नोकरी गेली तर दिवसभर घरात माझी तपासणी करशील. म्हणजे मला जन्मठेपच.”

“तुमचं पाकीट मी लग्नाच्या वर्षीच नापास केलंय.”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “दोनच वर्षं राहिलीत गं तुझी. गप्प बस ना.”

“दोन वर्षं ती अवजारं लोकांच्या तोंडात जाताना बघत बसू? तुम्ही ब्रेक निकामी असलेली बस सोडली होती कधी?”

रविवारी तिची चप्पल त्याने न सांगता शिवून आणली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला तपासनीस बाई आल्या. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, पायांत सपाट बूट, आवाज कमी आणि नजर बारीक. त्यांनी तातडीच्या औषधांच्या तारखा वाचल्या, प्राणवायूची टाकी उघडून पाहिली, सुयांच्या डब्याची पातळी न्याहाळली. सगळे चोख निघाले. पहिला रुग्ण बाहेर येऊन बसला होता. मग वहिनींनी नवी कोरी वही पुढे केली.

“अक्षर सुंदर आहे,” पाने चाळत बाई म्हणाल्या. “मावशी, तुमचं?”

डॉक्टर पाठीमागे उभे होते. मावशीने हात पदराला पुसले.

“माझं नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि ही वहीसुद्धा माझी नाही.”

“मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज—” डॉक्टरांनी सुरुवात केली.

“कुपी पिवळी आहे, डॉक्टर. यात समजायचं काय आणि गैरसमजायचं काय?” तिने फळीवरून स्वतःची वही काढली आणि लाल शाईचे पान उघडून टेबलावर ठेवले.

बाईंनी चष्मा चढवला. दोन्ही वह्या शेजारी ठेवून त्या बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. “रविवारी दवाखाना चालू असतो का?”

“छे हो, रविवारी कुठला!” वहिनी झटकन म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा हात तोंडावर गेला. नव्या वहीत प्रत्येक रविवारी यंत्र तीन वेळा चालले होते.

निर्णय तिथेच झाला. यंत्र बंद, रबर बदलून लागोपाठ दोन कुप्या जांभळ्या राहीपर्यंत कोणत्याही रुग्णाच्या तोंडाला अवजार लावायचे नाही, आणि बनावट वही अहवालाला जोडायची. निघताना बाई मावशीकडे वळल्या. “तुम्ही शनिवारीच आम्हाला कळवायला हवं होतं.”

“हो. चुकलंच. तेही लिहा,” मावशी म्हणाली.

बाराही जणांना परत पाठवल्यावर डॉक्टर मागच्या खोलीच्या दाराशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “उद्यापासून येऊ नका. कपाटाची किल्ली द्या.”

“किल्ली घ्या. पण आतलं एकेक पाकीट फोडून सगळं परत धुवायचं आहे. कोण करणार?”

दोन्ही मुली जमिनीकडे बघू लागल्या.

“आणि मला काढताय ते लिहून द्या. कारणही लिहा: कुपी पिवळी पडली हे सांगितलं म्हणून.”

डॉक्टरांनी खिशातले पेन चाचपले आणि ते तरातरा निघून गेले.

मंगळवारी साडेआठला ती नेहमीप्रमाणे आली. कोणी ये म्हटले नाही, कोणी जा म्हटले नाही. तिने पाकिटे फोडली, अवजारे धुतली, वाळवली. बुधवारी रबर बदलले गेले. गुरुवारी पहिली कुपी जांभळीच राहिली. दुसरी यंत्रातून काढून ती उबेच्या पेटीत ठेवत होती, तोच डॉक्टर घाईने आले. बाहेर शाळेचे मुख्याध्यापक गाल सुजवून बसले होते.

“एक झाली ना जांभळी! द्या एक पाकीट.”

“दोन सांगितल्यात.”

“मावशी, माणूस कळवळतोय!”

“समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवा. त्यांचं यंत्र चालू आहे.”

“त्यांच्याकडे? माझा रुग्ण?”

“दात त्यांचा दुखतोय, डॉक्टर. तुमचा नाही.”

डॉक्टर एक पाऊल पुढे सरकले. मावशीने स्टूल ओढले, स्वच्छ अवजारांच्या दारात मधोमध ठेवले आणि त्यावर ती हाताची घडी घालून बसली. अठ्ठावन्न वर्षांची, पाच फुटांहून कमी उंचीची ती बाई. तिला बाजूला सारायचे म्हटले असते, तर सारता आले असते. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, पेटीतल्या कुपीकडे पाहिले. मग ते बाहेर गेले. त्यांनी समोरच्या गल्लीतला नंबर स्वतः फिरवला, आणि “आमचं यंत्र अजून पास व्हायचं आहे,” हे वाक्य त्यांना दोनदा उच्चारावे लागले, कारण पहिल्या वेळी ते फारच हळू बोलले होते.

मावशी स्टुलावरून उठली नाही. बसल्या बसल्याच तिने वही मांडीवर घेतली आणि लिहिले: दुसरी कुपी, पेटीत ठेवली बारा चाळीसला, निकाल उद्या, त्याच वेळी.