तोललेले परत पोत्यात जात नाही

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची दुसरी दिवाळी नुकतीच सरली होती. बातमीसाठी मी आर्णीला एस.टी.तून उतरलो, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई खांद्याला तराजू अडकवून उभ्या होत्या. तांडा (बंजाऱ्यांची वस्ती) तीन मैलांवर होता. वाटेतल्या नाल्याच्या चिखलाने माझी एक चप्पल ठेवून घेतली. उरलेली हातात धरून मी नर्सबाईंच्या मागे तांड्यात शिरलो.

"साहेब, दुसरी नाल्याले इकली काय?" हिरकी याडीने विचारले. याडी म्हणजे आई. साऱ्या तांड्याची ती याडीच.

तिची नात जमनी दोन वर्षांची, पण अजून उभी राहत नव्हती. दंडावरचा काळा दोरा घसरून मनगटावर आला होता. तिला काळ्या चहात बुडवलेली भाकर मिळे. कोपऱ्यात मुगाचे पोते होते, ते बाजारासाठी.

घरच्या अन्नावर मूल सावरते की यवतमाळच्या दवाखान्यात न्यावे लागेल, हे वजनावरून ठरणार होते. नर्सबाईंनी तराजू टांगला. याडीने जमनीला पदराआड घेतले.

"तोललं म्हंजे इकलं. आमच्या बैलांवर मीठ जाये, धान्य जाये. तोललेलं परत पोत्यात नाही टाकलं कधी. नातीले कायले तोलू?"

नर्सबाईंनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "दुसऱ्या पारड्यात तुझेच मूग टाक, याडी. तेही परत पोत्यात जाणार नाहीत. सगळे जमनीच्या पोटात."

"म्हंजे मूग देऊन पोरगी आमीच घेतली?"

"तुम्हीच घेतली."

"मंग चालते."

वजन कमीच भरले, पण घरच्या अन्नावर सावरेल, असे नर्सबाई म्हणाल्या. पारड्यातले मूग वेगळ्या गाडग्यात गेले. ते भाजून, भरडून, ज्वारीच्या पिठात मिसळून, गूळ घालून पातळ पेज कशी करायची, हे नर्सबाईंनी चुलीपाशी बसून दाखवले. दिवसातून चार वेळा द्यायची. ती पेज मीही चाखली, खमंग होती.

झरी जामणीकडचे काम आटोपून महिन्याने परतलो, तो पुन्हा तराजूचाच दिवस होता. गाडगे रिकामे होते. जमनी पारड्यात बसून दोरी ओढत होती. मागच्या मापाएवढे मूग घातले, तरी तिचे पारडे खालीच राहिले. नर्सबाईंनी एक मूठ टाकली.

"अजून टाक, बाई," याडी म्हणाली. "काटा मारतं काय? पोरगी वाढून राह्यली आमची."

दुसऱ्या मुठीला पारडी सरळ झाली.

यवतमाळच्या गाडीत बसल्यावर वही उघडली. पहिल्या दिवशी मी 'तांड्यात अन्नाचा तुटवडा' असे लिहिले होते. ते खोडले. पोते त्या दिवशीही कोपऱ्यातच होते.