आमच्या साडूंची फाशी

आमच्या साडूंइतका जीव ओतून नाटक करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि अशा माणसाबरोबर एका घरात राहणं किती भीतीचं असतं, हे माझ्या थोरल्या मेहुणीइतकं, म्हणजे ताईंइतकं, कुणालाच ठाऊक नाही. आंधळ्याची भूमिका मिळाली तेव्हा साडू डोळे मिटून क्रांती चौक ओलांडायला निघाले. ट्रॅफिक हवालदारानं हात धरून पलीकडे सोडलं, तर त्याला तोंडभर आशीर्वाद देऊन मोकळे. वैद्य झाले तेव्हा आम्ही पिशोरला एका मयताला गेलो होतो. तिथं त्यांनी मयताचीच नाडी धरली आणि मान हलवून म्हणाले, "उशीर केलात." पण शेवटचा पडदा पडला, की दुसऱ्या दिवशी साडू पुन्हा साडू होत.

मग त्यांना सिनेमा मिळाला. जिवलग मित्राच्या खुनासाठी फाशीची वाट पाहणारा कैदी, आणि खून केल्याचं त्याला आठवतच नाही. छावणी भागात, त्यांच्या घराजवळच्याच एका रिकाम्या बंगल्यात शूटिंग सुरू झालं. साडू घरी येत तेही कैदी म्हणूनच. दार सताड उघडं असलं तरी कुणी "चला" म्हणेपर्यंत उंबऱ्याशी उभे. जेवताना स्वतःच्या हातांकडे असे बघत, की समोरच्याचा घास घशात अडकावा. एकदा मला हळूच म्हणाले, "ह्या हातांनी केलं म्हणतेत. तुम्हाला कसे वाटतेत?" मी "बरे आहेत" म्हणालो आणि चहा न घेताच उठलो.

फाशीचा प्रसंग तेवढा राहिला आणि निर्माता गायब झाला. सिनेमा बंद पडला. साडूंचा पडदा काही पडला नाही. फाशी पहाटे देतात, म्हणून दूधवाल्या सलीमभाईंची पावलं वाजली की ते रोज उठत, अंथरुणाची घडी करत, घड्याळ काढून ताईंच्या हातात देत आणि दाराशी उभे राहत. सलीमभाई मला म्हणाले, "साब, मेरेकू डर लगता. मैं दूध देतूं, वो मेरे संग चलने कू खड़े रहते." साडूंचं जेवणावरचं मन उडालं, माणूस वाळत चालला. तो प्रसंग आपणच खोटा खोटा उरकून टाकू, असं मी सुचवलं, तर ताई उखडल्या. "नाय भाऊजी! गळ्याला दोर लागला तर हे खरंच मरतेत."

मग माफी द्यायचं ठरलं. मी खाकी शर्ट चढवून जेलर झालो आणि घसा खाकरून फाशी रद्द झाल्याचं जाहीर केलं. साडूंनी शांतपणे विचारलं, "मेलेल्याच्या बायकोला इचारलं का?"

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आल्या. जन्मात स्टेजवर न चढलेली बाई, पदर डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर बसली. "मीच त्याची बायको. माझा माणूस तुम्ही नेला. लई वाट बघितली मी त्याची. जा, माफ केलं. पण त्याला घरी येऊ द्या." त्या स्वतःच्याच नवऱ्याबद्दल बोलत होत्या.

साडूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घाबरलीस का गं?"

"व्हय," ताई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

साडूंनी नाटक सोडलं ते कायमचंच. आता भाजी आणतात, नातवंडांना ओरडतात. ताई सुखात आहेत आणि देवाशपथ, मलाही बरं वाटतं. फक्त गप्पा मारताना ते कधी मध्येच थांबतात, तेव्हा आता कोण बोलणार म्हणून मी उगाच श्वास रोखून बसतो. बोलतात ते साडूच.